एका गल्लींतील वडीलधारीं माणसें

शिक्षणसंस्थांचे इतिहास पुष्कळ लिहिले जातात, परंतु त्यांत शिक्षक फारसा भेटत नाहीं. संस्थापकांचीं नांवें येतात, देणग्यांचे आंकडे येतात, इमारतीची कोनशिला कोणाच्या हस्तें बसली हेंही येतें. पण ज्या माणसानें तीस-चाळीस वर्षें त्याच फळ्यासमोर उभें राहून मुलांच्या पिढ्यामागून पिढ्या पुढें धाडल्या, तो बहुधा परिशिष्टांतील एखाद्या यादींत नांवापुरता उरतो. प्रस्तुत लेखक स्वतः याच पेशांतील असल्यामुळें ही उणीव त्यास अधिक जाणवत असेल, हें तो नाकारीत नाहीं. परंतु आज ज्या शाळेविषयीं लिहावयाचें आहे, तिच्या बाबतींत ती विशेष खटकते; कारण त्या शाळेला इमारत नाहीं, हजेरीपट नाहीं, वर्गही नाहींत. तिच्यापाशीं होतीं तीं कांहीं माणसें आणि कांहीं बाहुल्या. ही शाळा म्हणजे अमेरिकेंतील ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम होय.

या कार्यक्रमाचा पहिला भाग १० नोव्हेंबर १९६९ रोजीं प्रसारित झाला. त्याचें बीज मात्र १९६६ सालीं एका रात्रीच्या भोजनप्रसंगीं पडलें. जोन गँझ कूनी या न्यूयॉर्कमध्यें दूरचित्रवाणीसाठीं माहितीपट काढीत असत. त्यांच्या घरीं कार्नेगी निधीचे एक अधिकारी लॉइड मॉरिसेट जेवावयास आले होते. आपली लहानगी मुलगी भल्या पहाटे उठते आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं पडद्यावर दिसणारी निश्चल आकृतीसुद्धां तल्लीन होऊन पाहत बसते, हें मॉरिसेट यांनीं पाहिलें होतें. या यंत्राकडून मुलांना कांहीं शिकवितां येईल काय, असा प्रश्न त्यांनीं कूनीबाईंना केला. तो काळ अमेरिकेंत दारिद्र्यनिवारणाच्या मोठ्या प्रयत्नांचा होता. गरीब वस्त्यांतील मुलें शाळेंत पहिलें पाऊल टाकतात तेव्हांच इतरांच्या मागें पडलेलीं असतात, ही जाणीव सर्वत्र पसरली होती. आणि दूरचित्रवाणीचा संच मात्र गरिबांच्याही घरीं होता. जाहिरातींचीं पदें मुलें तोंडपाठ म्हणतात, तर त्याच युक्तीनें त्यांस अक्षरें व अंक कां शिकवूं नयेत, असा हा विचार होता. १९६८ सालीं या कार्यासाठीं स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि कार्नेगी व फोर्ड हे निधी आणि अमेरिकेचें मध्यवर्ती सरकार यांच्या साहाय्यानें सुमारें ८० लक्ष डॉलर्स उभे राहिले.

कार्यक्रम आंखण्याची रीत मोठी शिस्तीची होती. हार्वर्ड विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ जेरल्ड लेसर यांनीं तज्ज्ञांच्या बैठकी घेऊन काय शिकवावें याचा आराखडा ठरविला, आणि एडवर्ड पामर यांच्या हाताखालीं संशोधकांची एक तुकडी प्रत्येक प्रयोग मुलांपुढें ठेवून पारखूं लागली. १९६९ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया येथें नमुन्याचे भाग मुलांना दाखविले, तेव्हां एक मोठीच अडचण उघडकीस आली. सत्य आणि कल्पना यांची सरमिसळ झाल्यास मुलांचा गोंधळ उडेल, या तज्ज्ञांच्या मताप्रमाणें गल्लींतील प्रसंगांत केवळ माणसें ठेवलीं होतीं व बाहुल्यांना वेगळी जागा दिली होती. परिणाम असा झाला कीं, बाहुल्या दिसत तोंवर मुलें टक लावून पाहत आणि माणसें बोलूं लागलीं कीं त्यांचें लक्ष उडे. शेवटीं तज्ज्ञांचें मत बाजूस ठेवावें लागलें. बाहुल्यांचे निर्माते जिम हेन्सन यांनीं गल्लींतच राहतील अशीं दोन पात्रें घडविलीं: आठ फूट दोन इंच उंचीचा पिवळा पक्षी बिग बर्ड, आणि कचऱ्याच्या डब्यांत राहणारा चिडखोर ऑस्कर.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फिलाडेल्फियाच्या प्रयोगाचा सरळ निष्कर्ष काढावयाचा, तर माणसें काढून टाकावीं आणि बाहुल्या वाढवाव्या, असाच निघतो. जॉन स्टोन प्रभृति निर्मात्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं माणसें ठेवलीं आणि त्यांच्या शेजारीं बाहुल्या आणून बसविल्या. या निर्णयाचें खरें महत्त्व चौदा वर्षांनीं कळून आलें; तें यथास्थळीं येईलच.

आरंभीं या गल्लींत चार वडीलधारीं माणसें होतीं. गॉर्डन आणि सुसान हें कृष्णवर्णीय दांपत्य, बॉब हा गोरा संगीतशिक्षक, आणि कोपऱ्यावरील दुकानाचे मालक वृद्ध मिस्टर हूपर. गॉर्डनची भूमिका आधीं मॅट रॉबिन्सन यांनीं केली; मधल्या दोन वर्षांनंतर १९७४ पासून ती रॉस्को ऑर्मन यांच्याकडे आली आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्याकडेच राहिली. सुसान झालेल्या लॉरेटा लाँग यांनीं हें काम चालू असतांनाच शिक्षणशास्त्राचा अभ्यास करून १९७३ मध्यें मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. बॉब मॅक्ग्रा हे गायक. जपानी गाण्यांमुळें ते जपानांत विशेष लोकप्रिय झालेले होते. हूपरचें काम करणारे विल ली हे मात्र रंगभूमीवरील जुने नट व अभिनयाचे शिक्षक. साम्यवादविरोधी लाटेंत त्यांचें नांव काळ्या यादींत गेलें आणि कांहीं वर्षें त्यांना चित्रपट व दूरचित्रवाणी यांचीं दारें बंद झालीं. ज्या माणसास एके काळीं राष्ट्राच्या दृष्टीनें संशयित ठरविलें होतें, तोच उतारवयांत राष्ट्रांतील बालकांचा घरोब्याचा शेजारी झाला.

निरनिराळ्या वर्णांच्या माणसांनीं एकाच घराच्या पायरीवर बसून गप्पा माराव्या, एवढें साधें दृश्य त्या काळीं किती असाधारण होतें, हें मिसिसिपी राज्यांतील एका प्रकरणावरून दिसतें. १९७० सालीं तेथील शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या मंडळानें हा कार्यक्रम दाखविण्याचें नाकारलें; असें संमिश्र बिऱ्हाड पाहावयास आपलें राज्य तयार नाहीं, असें त्यास वाटलें. बातमी वृत्तपत्रांत फुटली, देशभर ओरड झाली, आणि महिन्याच्या आंत मंडळास आपला निर्णय फिरवावा लागला. त्या मंडळाचा आक्षेप अक्षरांवर नव्हता कीं अंकांवर नव्हता. तो माणसांवर होता. हीं माणसें नुसतीं उभीं राहूनही कांहीं शिकवीत आहेत, हें विरोधकांनीं बरोबर ओळखलें होतें.

मित्रांनींही टीका केली आणि ती संस्थेनें ऐकून घेतली. सुसान केवळ घर सांभाळते, असा स्त्रियांच्या संघटनांनीं आक्षेप घेतला, तेव्हां तिला परिचारिकेचा व्यवसाय देण्यांत आला. स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांतील मुलांना या गल्लींत आपलें कोणी दिसत नाहीं, अशी तक्रार आली, तेव्हां १९७१ मध्यें मारिया आणि लुईस हीं दोन पात्रें आलीं. मारिया झालेल्या सोनिया मान्झानो या पोर्टो रिकोहून आलेल्या आईबापांच्या पोटीं जन्मून न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्राँक्स भागांत वाढलेल्या. लहानपणीं तासन् तास पाहिलेल्या दूरचित्रवाणींत आपल्यासारखा एकही चेहरा त्यांना दिसला नव्हता. लुईसची भूमिका करणारे एमिलिओ डेलगाडो यांचें बालपण मेक्सिकोच्या सीमेवर गेलें. राहणें सीमेच्या एका बाजूस आणि शाळा दुसऱ्या बाजूस. याच दशकांत लिंडा बोव्ह या कर्णबधिर अभिनेत्री गल्लींत राहावयास आल्या व २००२ पर्यंत तेथें राहिल्या. हातांच्या खुणांची भाषा असंख्य मुलांनीं प्रथम त्यांच्याकडून पाहिली.

आतां बाहुल्या नाचविणाऱ्यांकडे वळूं. आपल्याकडील वाचकास सूत्रधार म्हटला कीं वरून दोऱ्या हालविणारा मनुष्य आठवतो. हेन्सन यांच्या पद्धतींत खेळविणारा खालीं असतो आणि बाहुली वर. त्याचा पंजा बाहुलीच्या तोंडांत असतो आणि हात डोक्यावर ताणलेला. बाहुली काय करीत आहे हें तो जवळच्या एका लहान पडद्यावर पाहतो, आणि तेथील चित्र आरशांतल्याप्रमाणें उलट नसल्यामुळें उजव्या-डाव्याचा मेळ त्यास नव्यानें शिकावा लागतो. अर्नी नांवाच्या बाहुलीस तर दोन माणसें लागत: तिचें तोंड आणि डावा हात हेन्सन यांचे, आणि उजवा हात दुसऱ्याच कोणाचा. अर्नीचा सोबती बर्ट हा फ्रँक ऑझ यांच्या हातीं असे. बिस्किटांवर तुटून पडणारा कुकी मॉन्स्टर आणि भाबडा ग्रोव्हर हेही त्यांचेच. अंक मोजण्याचें वेड असलेला काउंट जेरी नेल्सन यांचा. फ्रॅन ब्रिल या १९७० मध्यें या मंडळींत आल्या. बाहुल्या खेळविणाऱ्या पुरुषांच्या त्या जगांत शिरलेल्या या पहिल्या स्त्रीनें चव्वेचाळीस वर्षें काम करून २०१४ सालीं विश्रांति घेतली.

सर्वांत कष्टाचें काम कॅरल स्पिनी यांचें. बिग बर्डच्या आंत ते संपूर्ण झांकले जात. उजवा हात सरळ वर नेऊन पक्ष्याचें डोकें पेलावयाचें, त्याच हाताच्या करंगळीनें डोळ्यांची हालचाल करावयाची, आणि डाव्या हातानें डावा पंख हालवावयाचा. उजवा पंख एका बारीक दोरीनें डाव्याशीं जोडलेला असे. बाहेरचें जग दिसावयाचें तें छातीशीं बांधलेल्या चिमुकल्या पडद्यावर. अशा स्थितींत चालावयाचें, गावयाचें आणि बोलावयाचें. आरंभीं हा पक्षी एक गांवढळ व वेंधळा प्राणी म्हणून योजिला होता. हा मूर्ख नसून लहान मूल असावा, ही कल्पना स्पिनी यांची. या एका फरकानें त्या पात्राचें सारें भवितव्य बदललें. कारण वेंधळ्यास लोक हंसतात, पण मुलास उत्तर द्यावें लागतें. तेव्हांपासून आठ फूट उंचीचें तें बालक शेजाऱ्यांना प्रश्न विचारूं लागलें आणि शेजारी उत्तरें देऊं लागले. कचऱ्याच्या डब्यांतील ऑस्करही स्पिनी यांचाच. एकाच मनुष्यानें जवळजवळ पन्नास वर्षें, १९६९ पासून २०१८ पर्यंत, निरागसपणा आणि चिडखोरपणा हे दोन्ही स्वभाव आळीपाळीनें धारण केले.

मुलाचा शब्द मोठ्यांनीं खरा मानावा कीं नाहीं, हा प्रश्नही या गल्लीनें एकदां गंभीरपणें हाताळला. बिग बर्डचा स्नफलुपॅगस नांवाचा एक अवाढव्य केसाळ मित्र १९७१ मध्यें आला. तो मोठ्या माणसांच्या दृष्टीस कधींच पडत नसे आणि बिग बर्ड त्याच्याविषयीं सांगे तें सर्व जण कल्पित समजत. चौदा वर्षें हा विनोद चालला. परंतु मुलांवर होणाऱ्या अत्याचारांची चर्चा देशांत सुरू झाली, तेव्हां निर्मात्यांच्या मनांत भीति उत्पन्न झाली कीं, आपण सांगितलें तरी मोठीं माणसें विश्वास ठेवणार नाहींत, असा धडा मुलें यांतून घेतील. म्हणून १९८५ सालीं स्नफलुपॅगस सर्वांसमोर आला आणि शेजाऱ्यांनीं बिग बर्डजवळ आपली चूक कबूल केली. चांगला चाललेला विनोद मुलांच्या हितासाठीं सोडून देणें, हें करमणुकीच्या धंद्यांत सहसा घडत नाहीं.

परंतु या गल्लीची खरी कसोटी त्याच्या आधींच होऊन गेली होती. ७ डिसेंबर १९८२ रोजीं विल ली वयाच्या ७४ व्या वर्षीं निवर्तले. नाटकधंद्याच्या रूढीप्रमाणें दोन सोपे मार्ग मोकळे होते. दुसरा नट आणून हूपर चालू ठेवावा, किंवा हूपर दुकान विकून परगांवीं राहावयास गेला असें सांगावें. या मंडळींनीं तिसरा मार्ग घेतला: हूपर मेला, असें मुलांना सांगावयाचें. बालमानसशास्त्राच्या जाणकारांशीं विचारविनिमय झाला. तो म्हातारा होता किंवा आजारी होता म्हणून मेला, असें म्हणावयाचें नाहीं असें ठरलें. कारण मग आजी-आजोबांकडे पाहून किंवा साध्या दुखण्यानेंही मूल घाबरेल. स्वर्गाचा किंवा धर्माचाही उल्लेख करावयाचा नाहीं; तें ज्याच्या त्याच्या घरावर सोंपवावयाचें. नॉर्मन स्टाइल्स यांनीं लिहिलेला हा भाग २४ नोव्हेंबर १९८३ रोजीं प्रसारित झाला. तो दिवस अमेरिकेंतील आभारप्रदर्शनाच्या सणाचा. त्या दिवशीं आईबाप घरीं असतात व मुलांनीं प्रश्न विचारल्यास उत्तर द्यावयास कोणी जवळ असतें, म्हणून तो मुद्दाम निवडलेला.

प्रसंग अगदीं साधा आहे. बिग बर्डनें सर्व शेजाऱ्यांचीं चित्रें काढलीं आहेत आणि तो तीं वाटतो. शेवटचें चित्र हूपरचें. तें देण्यासाठीं तो त्याची वाट पाहत आहे. तेव्हां मोठीं माणसें त्याला सांगतात कीं, हूपर गेला आहे आणि गेलेलीं माणसें परत येत नाहींत. मग माझ्यासाठीं खाणें कोण करणार, गोष्टी कोण सांगणार, असें तो विचारतो. आम्ही सगळे आहोंत, असें उत्तर मिळतें. हें असें कां व्हावें, या त्याच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र गॉर्डन कांहींच कारण देत नाहीं. असें होतें म्हणून होतें, एवढेंच तो म्हणतो. हूपरचें नांव बिग बर्डला वर्षानुवर्षें धड उच्चारतां येत नसे आणि हूपर दर वेळीं तें सुधारीत असे. या वेळीं तें सुधारण्याचें काम इतरांकडे आलें. त्या नटांच्या डोळ्यांत दिसलेले अश्रू अभिनयाचे नव्हते. चित्रेंही स्पिनी यांनीं स्वतःच्या हातानें काढलेलीं होतीं. म्हणजे पक्ष्याच्या आंत दडलेल्या माणसानेंच आपल्या मृत सहकाऱ्याचें चित्र काढून तें त्याच्या मित्रांपुढें धरलें होतें.

फिलाडेल्फियाच्या प्रयोगानंतर माणसें गल्लींत कां ठेवावयास हवीं होतीं, याचें उत्तर येथें मिळतें. केवळ बाहुल्यांच्या जगांत हा पाठ देतांच आला नसता; कारण बाहुली मरत नाहीं. १६ मे १९९० रोजीं जिम हेन्सन अवघ्या ५३ व्या वर्षीं वारले. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या भव्य प्रार्थनामंदिरांत त्यांची स्मृतिसभा झाली आणि स्पिनी यांनीं बिग बर्डच्या वेषांत तेथें गाणें म्हटलें. परंतु अर्नी मेला नाहीं. कांहीं काळ तो गप्प राहिला, आणि मग स्टीव्ह व्हिटमायर यांच्या हातीं पुन्हां बोलूं लागला. पुढें ऑझ यांचे बर्ट व ग्रोव्हर एरिक जेकबसन यांच्याकडे आणि कुकी मॉन्स्टर डेव्हिड रडमन यांच्याकडे गेला. स्पिनी यांनीं तर हयातींतच आपला उत्तराधिकारी घडविला: मॅट व्होगेल यांनीं त्यांच्या हाताखालीं वीसएक वर्षें उमेदवारी केली, आणि स्पिनी यांचें शरीर थकल्यावर प्रथम त्यांच्या आवाजासह व नंतर त्यांच्या जागीं तो पक्षी चालविला. आपल्याकडे घराण्याची गायकी गुरूपासून शिष्याकडे जाते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें शिष्य जितका उत्तम, तितका गुरूचा वियोग श्रोत्यांस कमी कळतो. मरण झांकणें हेंच या कलेचें यश होय.

माणसांचें तसें नाहीं. माणसें पडद्यावर वयानें वाढत होतीं. मारिया आणि लुईस यांचें लग्न १९८८ मध्यें गल्लींतच लागलें, आणि दुसऱ्या वर्षीं सोनिया मान्झानो यांना खरोखर अपत्य होणार होतें तेव्हां मारियालाही मुलगी झाली. मान्झानो पुढें कार्यक्रमाचीं संहिताही लिहूं लागल्या आणि त्यासाठीं त्यांना अनेक पारितोषिकें मिळालीं. २०१५ सालीं चव्वेचाळीस वर्षांच्या कामानंतर त्या निवृत्त झाल्या. बॉबचे केस पांढरे झाले, लुईसचा आवाज खोल झाला. ज्या मुलीनें १९७० मध्यें बॉबला तरुण पाहिलें, तिनें आपल्या नातवंडाशेजारीं बसून त्याला वृद्ध पाहिलें. जग बदलतें तरी कांहीं माणसें आपल्या जागेवर असतात, हा विश्वास कोणत्याही अभ्यासक्रमांत लिहिलेला नव्हता; पण तो दिला गेला.

हा विश्वास सांभाळणें संस्थेस मात्र जड गेलें. तबकड्यांच्या विक्रीचें उत्पन्न घटलें, मुलांच्या पाहण्याच्या संवयी बदलल्या, आणि २०१५ सालीं संस्थेनें एचबीओ या वर्गणीदारांसाठीं असलेल्या वाहिनीशीं करार केला. नवे भाग आधीं तेथें आणि कांहीं महिन्यांनीं सार्वजनिक वाहिनीवर, अशी व्यवस्था झाली. तासाभराचा कार्यक्रम अर्ध्या तासावर आला. २०१६ च्या जुलैमध्यें बॉब मॅक्ग्रा यांच्याच तोंडून जगाला कळलें कीं, त्यांचे, डेलगाडो यांचे आणि ऑर्मन यांचे करार पुढें चालू राहिलेले नाहींत. लोकांत मोठी हळहळ झाली. हे सद्‌गृहस्थ समारंभांतून आमचे प्रतिनिधि राहतील, असें संस्थेनें सांगितलें, आणि २०१९ च्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमांत जुनीं माणसें पुन्हां दिसलींही. संस्थेची अडचण खोटी होती असें आमचें म्हणणें नाहीं. पैशावांचून शाळा चालत नाहीं, हें कोणत्याही मास्तरास सांगावें लागत नाहीं. पण अर्ध्या तासांत काय मावत नाहीं म्हणून वगळावें, असा प्रश्न आला तेव्हां प्रथम वृद्ध माणसें वगळलीं गेलीं आणि बाहुल्या राहिल्या. १९६९ मध्यें फिलाडेल्फियाच्या आंकड्यांनीं जें सुचविलें होतें, तें सत्तेचाळीस वर्षांनीं जमाखर्चाच्या आंकड्यांनीं करून घेतलें.

या शाळेचा उपयोग झाला कीं नाहीं, याचें मोजमापही झालें आहे. मेलिसा कीर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थशास्त्रज्ञांनीं, १९६९ च्या सुमारास ज्या भागांत या कार्यक्रमाच्या लहरी नीट पोहोंचत होत्या आणि ज्या भागांत नव्हत्या, तेथील मुलांची तुलना केली. जेथें लहरी पोहोंचल्या, तेथील लहान मुलें पुढें शाळेंत आपल्या वयाच्या इयत्तेंत राहण्याचें प्रमाण अधिक आढळलें. मुलगे, कृष्णवर्णीय मुलें आणि मागासलेल्या भागांतील मुलें यांच्या बाबतींत हा लाभ विशेष होता. एवढें मोजतां येतें. हूपर परत येणार नाहीं हें ऐकून कोणत्या घरीं कोणतें मूल आईजवळ सरकलें, तें मोजण्याची सोय नाहीं.

८ डिसेंबर २०१९ रोजीं वॉशिंग्टन येथें केनेडी सेंटरचा मानसन्मान या कार्यक्रमास देण्यांत आला. तो मिळविणारा हा दूरचित्रवाणीवरील पहिलाच कार्यक्रम. त्याच दिवशीं कॅरल स्पिनी ८५ व्या वर्षीं आपल्या घरीं वारले. २०२२ च्या मार्चमध्यें डेलगाडो गेले आणि डिसेंबरमध्यें, वयाच्या ९० व्या वर्षीं, मॅक्ग्रा गेले. या मृत्यूंवर कोणताही भाग रचला गेला नाहीं. बिग बर्ड चालतो, बोलतो, आणि आजचें मूल त्याच्या आंत कोण आहे हें विचारीत नाहीं, विचारूंही नये. पण १९८३ सालीं त्यानें हूपरचें तें चित्र आपल्या घरट्यापाशीं टांगलें, आणि पुढें कित्येक वर्षें, पात्रें बदललीं, गल्लीची रचना बदलली तरी, तें तेथें दिसत असे. कोणत्याही संस्थेच्या इतिहासांत परिशिष्टांतल्या यादीपेक्षां हें अधिक आहे.